कापसाची खोली आणि लेस्ट

लेस्ट हा इंग्रजी शब्द आता बोलण्यात कोणी वापरत नाही. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत तो अजून असतो, आणि दारव्ह्याच्या आमच्या इंग्रजी शाळेत जुनीच पुस्तकं चालायची. दहावीत असताना मिसनी तो फळ्यावर लिहिला. मिस दक्षिणेकडच्या होत्या, मराठी त्यांना भाजी घेण्यापुरती यायची. दोन वाक्यं जोडणारा शब्द आहे, असं सांगून त्यांनी खाली नेहमीचं उदाहरण लिहिलं: वॉक केअरफुली लेस्ट यू शुड फॉल. पडू नयेस म्हणून जपून चाल.

वहीत उतरवताना जवळजवळ सगळ्या वर्गाने 'शुड'च्या पुढे 'नॉट' घातलं. आपल्या मराठी डोक्याला ते हवंच असतं. 'पडू नये म्हणून' यात 'नये' आहे, 'नाहीतर पडशील' यात 'नाही' आहे. नकार उघड बोलल्याशिवाय आपलं भागत नाही. मिसनी सगळ्यांचे 'नॉट' खोडायला लावले. त्या म्हणाल्या, या शब्दाच्या पोटातच भीती आहे आणि नकारही आहे. तुम्ही फक्त कशाची भीती वाटते ते सांगा. बाकीचं तो बघून घेतो. आणि त्याच्यामागे 'शुड' लावायला विसरू नका.

मग प्रत्येकाने आपापलं वाक्य करायचं होतं. पोरांनी अभ्यास कर नाहीतर नापास होशील, छत्री घे नाहीतर भिजशील, असली वाक्यं केली. मी मागच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. माझं वाक्य मिसनी वही उचलून स्वतःच मोठ्याने वाचलं. मराठीत ते असं झालं असतं: कापूस पेटू नये म्हणून आम्ही खोलीत दिवा लावत नाही.

"कोणत्या खोलीत?" मिसनी विचारलं.

पुढच्या बाकावर जिनिंगवाल्यांची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखानदारांची, मुलगी होती. ती वळून म्हणाली, "तुझ्या घरी जिनिंग आहे का गं? सांगितलं नाहीस कधी."

वर्ग हसला. मिसनी वाक्यावर बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.

खोली खरीच होती. आमच्या घराची मधली खोली, म्हणजे माझी अभ्यासाची. त्या वर्षी तिच्यात दिवाळीपासून कापूस होता.

बाबा कचेरीत कारकून होते. आजोबांपासूनची थोडी जमीन होती, जीपने जाण्याच्या अंतरावर, पण बाबांनी ती कधी स्वतः कसली नाही. तिथल्या बंजारा तांड्यावरचे एक काका ती बटईने करायचे: मेहनत त्यांची, बी-खत दोघांचं, पीक अर्धं-अर्धं. काकांच्या बायकोला त्यांची मुलं याडी म्हणायची, याडी म्हणजे आई. लहानपणापासून ऐकून मीही तिला याडीच म्हणायची.

ती कापसाच्या भावाची वाईट वर्षं होती. दरवर्षी कापूस वेचून झाला की भाव पडायचा, आणि ज्याच्याकडे जागा असेल तो कापूस घरात भरून वाट बघायचा. काकांचं घर कुडाचं, वर टिनं. आमचं स्लॅबचं. म्हणून दोघांचाही वाटा आमच्याकडे आला. याडी आणि काका दोघं मधल्या खोलीत पायाने कापूस दाबत होते, बाहेरून गाठोडी येत होती, आणि ढीग खिडकीच्या वर गेला. मी दारातून बघत होते. याडी वरून म्हणाली, "ये वं वरते, गादी आहे तुयावाली." मी चढले आणि कमरेपर्यंत आत गेले. आत ऊब होती, उन्हाची. ते मला आवडलं होतं, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवसापासून घराला नियम लागले. मधल्या खोलीतला बल्ब बाबांनी काढून ठेवला, उंदराने वायर कुरतडली तर, म्हणून. आईने देवघर मागच्या पडवीत हलवलं, आणि संध्याकाळचा दिवा देवापुढे न लावता अंगणातल्या भिंतीवर ठेवायला लागली. उदबत्ती बंद. काका बाजाराच्या दिवशी यायचे तेव्हा बिडीचं बंडल आणि माचिस फाटकाच्या खांबावर ठेवून मगच आत यायचे, जाताना उचलून घ्यायचे. दाराखालच्या फटीत आईने जुनं लुगडं गुंडाळून घातलं होतं.

ते लुगडं तिच्या स्वतःसाठी होतं. आईला दमा होता. तसा हलका, दिवाळीची साफसफाई काढली की दोन-चार दिवस पुरायचा. पण त्या वर्षी साफसफाईचे दिवस संपले आणि दमा गेला नाही. कापसाचे तंतू लुगड्याला जुमानत नव्हते. ते ताटावर दिसायचे, उन्हाच्या पट्ट्यात तरंगताना दिसायचे. सकाळी आई गादीवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, आधी श्वासाची सोय लावायची आणि मग उठायची. मी शाळेत जाताना तिचा श्वास ऐकायची आणि आल्यावर आधी तोच ऐकायची. मला बाकी काही नको होतं. तो कापूस खोलीतून जावा, एवढंच.

आणि तो जात नव्हता. भावाचं काही कळत नाही म्हणून जात नव्हता, असं वरून दिसायचं. खरं कारण वेगळं होतं. ते मला समजलं, कारण मी गप्प असायची आणि गप्प असणाऱ्या माणसासमोर लोक बोलतात.

बाजाराच्या दिवशी काका आणि याडी यायचे. काका व्हरांड्यात खाली बसायचे, बाबा खुर्चीवर. खुर्ची पुढे केली तरी काका बसायचे नाहीत. मग असं बोलणं चालायचं.

"काय म्हणते भाव?" बाबा विचारायचे.

"कायचा भाव साहेब. व्यापारी तं हात लावून राह्यले न चालले."

"मग काय करायचं?"

"तुमी म्हणान तसं."

"माझं काय, मला पगार आहे. तुमच्या वर्षाचा प्रश्न आहे. तुम्ही बोला."

"मी काय बोलू? जागा तुमची. तुमी म्हणता थांबा, तं थांबू."

"मी थांबा म्हणत नाही..."

"मंग?"

"तुमचं मन काय आहे ते पाहिजे."

"मन काय साहेब. चाय झाली, निंगतो."

आई चहा घेऊन यायची. येण्याआधी ती मागच्या अंगणात नळाजवळ जाऊन तोंडावर पदर धरून खोकून घ्यायची. त्यांच्यासमोर खोकला आला तर त्यांना वाटेल, वैनीला आपला कापूस जड झाला. टीपॉयवर पेपर असेल तर पहिलं पान आत येईल अशी घडी ती आधीच घालून ठेवायची. त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या बातम्या पहिल्या पानावर कशाबद्दल असायच्या, ते काही सांगायला नको. काकांना वाचता यायचं नाही. तरी ती घडी घालायची.

काका गेल्यावर बाबा तिला म्हणायचे, "मी आज 'विकू' म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात भाव चढला तर? तो तोंडाने काही म्हणणार नाही. पण मनाला लावून घेईल. दिवस कसे आहेत बघतेस ना. त्याचं काही कमी-जास्त झालं तर मी कोणाला तोंड दाखवू?"

आई म्हणायची, "बरोबर आहे." आणि दोन शब्दांत तिला धाप लागायची.

मला तेव्हा मिसचा शब्द आठवायचा. तो शब्द जणू आमच्या घरी राहायला आला होता. आम्ही सगळे कसल्यातरी भीतीने काहीतरी करत होतो किंवा करत नव्हतो, आणि 'नको' असं कोणी म्हणत नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी याडीची थैली जड झाली होती, म्हणून आईने मला तिच्याबरोबर जीपच्या स्टँडपर्यंत पाठवलं. काका पुढे चालत होते. याडीने रस्त्यात विचारलं, "तू काहून बोलत नाही वं? शाळेत जीभ ठेवून येते का?"

मी हसले.

"तुये माय लय खोकलते," ती म्हणाली. "मले ऐकू येते. नळाचं पाणी सोडते न खोकलते."

मी म्हटलं, "कापसाने होतं याडी."

ती थांबली. पुढे गेलेल्या काकांकडे बघून हळू म्हणाली, "आमाले तं कवाचाच विकायचा आहे. पडल्या भावात का होईना. पोरीची सोयरीक करून राह्यलो, हातात काई पाह्यजे. पण ह्ये म्हणते, साहेबानं आपली खोली देल्ली, साहेब थांबून राह्यले, आपण कसं म्हणाव विका? नाराज होतीन."

"बाबा नाही नाराज होणार."

"तुले नाई समजत," याडी म्हणाली. "माणसायचं असतं तसं."

जीप भरली तसे काका मागे लटकले, याडीला कोणीतरी आत ओढून घेतलं. मी घरी पळत आले. इतकी सोपी गोष्ट होती. दोघांनाही एकच हवं होतं आणि ते एकमेकांना माहीत नव्हतं, एवढंच. बाबा दाढी करत होते. मी एका दमात सगळं सांगितलं.

त्यांनी आरशातच माझ्याकडे बघितलं. "असं तो म्हणाला?"

"याडी म्हणाली."

"बायका बोलतात बेटा. त्याने मला म्हणायला पाहिजे. उद्या भाव चढला तर हीच बाई म्हणेल, साहेबाच्या घाईने गेला."

"पण बाबा, आईला—"

"आईचं मला दिसत नाही का?" ते म्हणाले. रागाने नाही. वस्तरा पाण्यात बुडवून तसाच धरून उभे राहिले. त्या क्षणी मला वाटलं, यांच्यावर चिडता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या बाजाराला मी ठरवून चहाचा ट्रे स्वतः नेला. वर्गात उत्तर माहीत असूनही हात वर न करणारी मुलगी मी. पण त्या दिवशी तोंड उघडलं. 'तुमी म्हणान तसं' येऊन गेलं होतं. मी म्हटलं, "काका, याडी सांगत होती की तुम्हाला विकायचाच आहे. आणि बाबांनाही विकायचा आहे."

काकांची मान खाली गेली. त्यांनी बशी खाली ठेवली आणि याडीकडे न बघता म्हणाले, "तिले काय समजते साहेब. तिचं नोका मनावर घेऊ. आमाले काई घाई नाई."

याडी माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग असता तरी चाललं असतं.

बाबा म्हणाले, "पोर आहे, बोलून गेली. आम्हालाही घाई नाही."

"तेच म्हणतो."

"मग राहू द्या."

"राहू द्या."

आता तर दोघं बांधले गेले. आधी नुसतं मोघम होतं, माझ्या बोलण्याने त्याला शब्द मिळाले. मी ट्रे उचलून आत आले. आई पडवीत तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अगं, मोठ्यांच्या बोलण्यात पडू नये," आणि तिने माझ्या केसातला कापसाचा तंतू काढला.

उन्हं तापली तशी ती खोली भट्टीसारखी झाली. दार लावलेलं असलं तरी कापसाचा कोंदट वास घरभर असायचा. हातापायांना खाज सुटायची. मार्चमधल्या एका दुपारी माझी परीक्षेची सुट्टी होती. मी व्हरांड्यात वाचत बसले होते, आणि आतला श्वासाचा आवाज बदलला. मी गेले तेव्हा आई जमिनीवर बसलेली होती, पाठ भिंतीला, खांदे वर चढलेले, ओठ काळपट. ती बोलायचा प्रयत्न करत होती. शब्द येत नव्हता. तिने नुसतं मधल्या खोलीच्या दाराकडे बोट केलं. मला वाटलं, कापूस काढ म्हणते. नंतर कळलं की दाराखालचं लुगडं सरकलं होतं, ते नीट कर, असं तिला म्हणायचं होतं.

शेजारच्या काकूंनी ऑटो आणला. मी बाबांच्या कचेरीत फोन लावला, पण त्यांचं टेबल दुसऱ्या मजल्यावर. कोणीतरी 'थांबा, बोलावतो' म्हणून रिसीव्हर बाजूला ठेवला, आणि तिकडे लोक हसल्याचा, खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत राहिला. मी फोन तसाच सोडून ऑटोत बसले. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि यवतमाळला न्या म्हणाले. काकूंच्या निरोपावर बाबा तिथे आले, मग गाडी केली. रस्ताभर बाबा खिडकीबाहेर बघत होते आणि मी आईचा हात धरून तिच्या श्वासाबरोबर श्वास घेत होते. माझ्या घेण्याने तिला मिळणार असल्यासारखा.

यवतमाळच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूळ आहे? जनावरं? कुत्रा-मांजर?"

"कापूस आहे," बाबा म्हणाले.

"किती?"

बाबांनी हाताने खोलीची उंची दाखवली.

डॉक्टर तरुण होते, आवाज न चढवता म्हणाले, "मग एक ठरवा. घरात तो राहील किंवा ह्या राहतील."

निरोप तांड्यावर कसा गेला माहीत नाही. दुसऱ्या सकाळी काका दवाखान्याच्या दारात उभे होते, बाहेर चप्पल काढून. आत येईनात. आईच्या नाकाला नळी लावलेली बघितली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "विकून टाका साहेब."

"मी तेच म्हणणार होतो," बाबा म्हणाले.

"मीबी."

ते दोघं मग कॉरिडॉरमध्ये बाकावर शेजारी बसले. काकांना बाकावर बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

व्यापारी घरी आला. त्याने ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस बाहेर काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, "पिवळा पडला. घरात ठेवून खराब केला तुम्ही." दिवाळीत जो भाव पडलेला म्हणून नाकारला होता, त्याच्याही खाली कापूस गेला. काका आणि बाबा दोघंही एकाच वेळी "ठीक आहे" म्हणाले. त्यानंतर भाव चढला की उतरला, हा विषय आमच्या घरात कोणी काढला नाही.

आई घरी आली. खोली रिकामी होती, झाडून, फडक्याने पुसून. तिचा श्वास मात्र पहिल्यासारखा झाला नाही. तेव्हापासून तिच्या पर्समध्ये तोंडाने ओढायचा दम्याचा पंप असतो.

पुढे मी अमरावतीला कॉलेजात गेले. तिथल्या लायब्ररीत शब्दांची मुळं सांगणारा जाड कोश होता. एकदा सहज लेस्ट काढला. फार जुन्या इंग्रजीत तो एक शब्द नव्हताच, तीन होते. थी लेस थे, असं काहीतरी. त्याने, कमी, की. 'जेणेकरून अमुक कमी व्हावं' असा अर्थ. बोलता बोलता पहिला शब्द गळून पडला, तिसऱ्यातला थ मधल्याला चिकटला आणि घासून ट झाला. मधला 'लेस' तसाच राहिला. म्हणजे मिस म्हणाल्या तो पोटातला नकार मुळात नकारही नव्हता. 'होऊ नये' असं तो शब्द कधी म्हणालाच नव्हता. कमी व्हावं, इतकंच म्हणाला होता. मी कोश मिटवला आणि मला बाबांचं 'कमी-जास्त' आठवलं.

पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. आई आजारी पडली त्याच्या पुढच्या हंगामात कापूस आमच्याकडे आला नाही. बाबांनी आपला वाटा शेतातूनच विकला. काकांना त्यांनी स्वतःहून, स्पष्ट म्हटलं होतं की तुम्हीही विका. काका म्हणाले, "वैनीले तरास नोको. मी पाह्यतो माया." मागच्या वर्षी फसलो, या वर्षी तरी भाव येईल, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी आपला कापूस तांड्यावर, आपल्याच घरात भरला.

थंडीत आई आणि मी त्यांच्याकडे गेलो. मुलीची सोयरीक जमली होती, त्याचा गूळ द्यायला याडीने बोलावलं होतं. खाटा अंगणात होत्या, भांडी अंगणात, चूल पार कुंपणाजवळ. घराचं दार ओढून घेतलेलं आणि फटीत गोणपाट कोंबलेलं. आई ते बघून दारापाशीच थांबली. पंप असलेली पर्स तिने छातीशी धरली होती.

याडी गूळ आणायला घरामागे गेली. तिला वेळ लागला. मग मागून आवाज आला, कोणीतरी तोंडावर कापड धरून खोकत असल्याचा. मध्येच हंड्यात पाणी ओतल्याचा आवाज, आणि त्याखाली पुन्हा तो.

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. काका खाटेवर बसून बिडीचं बंडल शोधत होते. ते दूर कुंपणाच्या खांबावर ठेवलेलं होतं.

याडी पदराने तोंड पुसत आली. हातात गूळ आणि फुटाणे.

आईने विचारलं, "कधीपासून?"

"कायचं वं वैनी?"

"खोकला."

"थे व्हय," याडी म्हणाली. "थंडी आहे ना. घ्या, गूळ घ्या."

आईने पर्स उघडली. पंप बाहेर काढला, हातात धरला, आणि पुन्हा आत ठेवला. तो तिच्या नावचा होता, तिच्या मापाचा, आणि महिन्याचा एकच. मग तिने गूळ घेतला. याडीने मलाही दिला आणि म्हणाली, "आता तरी बोलत जाय वं थोडी."

मी काय बोलणार होते? मी तो खाल्ला. चावताना दाताखाली एक बारीक तंतू आला. मी तो कोणाला दिसणार नाही असा काढला आणि कुर्त्याच्या खिशात ठेवला.